पाय टेकू नका!

पोवळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल रंग येतो. मंगळाची अंगठी, मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर ओवलेलं पोवळं. पण दागिन्यातलं हे लाल प्रवाळ प्रामुख्याने भूमध्य समुद्रातलं. आपल्या मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात जे जिवंत प्रवाळ आहे ते मातकट, पिवळट, कुठे हिरवट. पाहणाऱ्याला खडपच वाटतं. म्हणून तर लोक त्यावर उभे राहतात, फोटोसुद्धा काढून घेतात.

हे खडप म्हणजे असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक जीव आपल्या बुडाशी चुना साठवत जातो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं, यजमानाला पोसतं, आणि रंगही बराचसा त्याचाच. घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. टोपलीएवढा गोळा दिसला तर तो तुमच्या आमच्या मुलांपेक्षा वयाने मोठा असतो, हे पाण्यात उतरण्याआधी ध्यानात घ्या.

समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा अंशभरच जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं. पाणी लवकर निवलं तर ते सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या अशा चौथ्या आपत्तीची घोषणा केली; त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचं प्रवाळही होरपळलं. अरबी समुद्र थंड करणं मालवणकरांच्या हाती नाही. आधीच तापाने खंगलेल्या जिवावर नांगर न टाकणं मात्र नक्की आहे.

कायदा नाही असं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवलंय. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्यही जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि मला तो कधीच अडाणीपणाचा वाटला नाही. ज्याचं पोट रापणीवर, त्याला न विचारता समुद्रावर रेघा मारल्या तर तो भांडणारच. आता मात्र याच गावांतली पोरं स्नॉर्केलिंगच्या होड्या चालवतात. गिऱ्हाईक येतं ते प्रवाळ आणि त्याच्या आसऱ्याने राहणारे मासे पाहायला. प्रवाळ गेलं तर दाखवणार काय?

तेव्हा होडीवाल्या दादांनो, पावसाळा सरून हंगाम सुरू होण्याआधी एकत्र बसा. प्रवाळापासून दूर, वाळूच्या तळावर कायमचे बोये बांधून मागा. होडी बोयाला बांधली की नांगर टाकायचं कारणच उरत नाही. बंदर खातं, वन विभाग, नगरपरिषद, ज्याच्या दारात जायचं त्याच्या दारात सगळे मिळून जा. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो.

आणि पुण्या-मुंबईहून, कोल्हापुराहून येणाऱ्या मंडळींनो, लाइफ जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं, पाय टेकायची गरज नसते. दम लागला तर होडीची दोरी धरा. माशांना बिस्किटं आणि पाव घालू नका. तळातला तुकडा आठवण म्हणून उचलू नका, कोणी विकत दिला तरी घेऊ नका. ‘मासे जमवतो, पाव टाकू का?’ असं होडीवाल्याने विचारलं तर सरळ नको म्हणा. तुम्ही मागत नाही असं दिसलं की तोही टाकणार नाही.

एक काम घरी बसूनही होण्यासारखं आहे. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात एक बुडालेलं पठार आहे, माथा पाण्याखाली वीसेक मीटर. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथलं प्रवाळ पर्यटकांच्या पायांपासून सुरक्षित आहे, पण मोठ्या जाळ्यांपासून नाही. ते राज्याच्या सागरी हद्दीपलीकडे असल्यामुळे निर्णय दिल्लीला घ्यावा लागतो. त्याला संरक्षण देण्याचा विचार कित्येक वर्षं चालू आहे. आपल्या खासदारांना पत्र लिहून विचारा: हे काम कुठवर आलं, आणि तुम्ही संसदेत त्याबद्दल कधी बोलणार?