चितेआधी काढलेला पेसमेकर कचऱ्यात का?

अंत्यसंस्काराच्या बाबतीत आपला समाज कमालीचा दक्ष असतो. मृताच्या अंगावरील सोन्याचा मणी न् मणी मोजून बाजूला ठेवला जातो. परंतु त्याच देहात त्वचेखाली बसविलेले, हजारो, प्रसंगी लाखो रुपये मोजून घेतलेले यंत्र काढल्यावर कुठे जाते, याची चौकशी किती कुटुंबे करतात?

मंदावलेल्या हृदयाला विद्युत्-स्पंदने पुरवून त्याचे ठोके राखणारा तो पेसमेकर. हृदयाची गती जीवघेणी वाढली की धक्का देऊन ती पूर्ववत करणारे यंत्र म्हणजे आयसीडी. दहनापूर्वी ही दोन्ही यंत्रे काढावीच लागतात, कारण बंद कवचातील बॅटरी उष्णतेने फुटते. ब्रिटनमध्ये सोलिहल येथील दाहिनीत असा स्फोट झाल्याची नोंद १९७६ सालची आहे. म्हणजे दहनाची परंपरा पाळणाऱ्या समाजात ही यंत्रे हाती येणे अपरिहार्य आहे. ती वाया घालविणे मात्र मुळीच अपरिहार्य नाही.

पेसमेकरची बॅटरी साधारणतः आठ ते बारा वर्षे चालते. यंत्र बसविल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत रुग्ण दगावला, तर बॅटरीचे बहुतांश आयुष्य शिल्लक असते. दुसरीकडे, केवळ पैशांअभावी असे यंत्र घेऊ न शकणारा रुग्ण मृत्यूच्या छायेत दिवस कंठत असतो. या दोघांची गाठ घालून देणारी व्यवस्था उभी करावी, असे आपल्या धोरणकर्त्यांना आणि समाजधुरिणांना का वाटू नये?

‘हे यंत्र एकदाच वापरण्यासाठी आहे’, असे उत्पादक सांगतात. नवा माल विकणाऱ्याने याहून वेगळे काय सांगावे? अनुभव काय सांगतो, ते पाहू. अमेरिकेत काढलेली १०६ आयसीडी यंत्रे निर्जंतुक करून मुंबईत ८१ गरजू रुग्णांना बसविण्यात आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जंतुसंसर्गाची एकही घटना आढळली नाही. कॅनडातून पाठविलेली यंत्रे लॅटिन अमेरिकेतील १,०५१ रुग्णांना बसविण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षांतील संसर्गाचे प्रमाण २ टक्के होते, तर नव्या यंत्रांच्या बाबतीत १.२ टक्के. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरला नाही आणि संसर्गामुळे कोणीही दगावले नाही. अमेरिकेतील मृतांची यंत्रे मुंबईतील रुग्णांना जीवदान देतात आणि आपली मात्र कचऱ्यात जातात, याला काय म्हणावे?

काहींना यात अशुभ दिसते. मृताचे नेत्र स्वीकारणाऱ्या समाजाने मृताच्या धातूच्या यंत्राचा विटाळ मानावा, हा तर्क आम्हांस उमगत नाही. लोककल्याणासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींचे नाव आपण आदराने घेतो. मग काढलेले यंत्र देताना हात का आखडावा?

मात्र ही मोकळीक बाजाराला मिळता कामा नये. जुने यंत्र नवे म्हणून रुग्णाच्या माथी मारणाऱ्यास कठोर शासन हवे. कुटुंबाची लेखी संमती, बॅटरीची तपासणी, प्रमाणित निर्जंतुकीकरण, प्रत्येक यंत्राची नोंद, रुग्णाला संपूर्ण माहिती आणि यंत्र पूर्णतः विनामूल्य, या अटींवर शासनाने स्पष्ट नियमावली करावी. यंत्र काढण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीचेच आहे. आयसीडी तर आधी बंद करावे लागते, अन्यथा काढणाऱ्यालाच धक्का बसू शकतो.

शासन जागे होईल तेव्हा होवो. घरात पेसमेकर असलेली व्यक्ती असेल, तर तिची इच्छा आजच विचारून लिहून ठेवावी. सेवाभावी संस्थांनी नेत्रदानाबरोबर यंत्रदानाचाही विषय हाती घ्यावा. दुसऱ्याचे हृदय चालविण्याची क्षमता असलेले यंत्र कचऱ्यात जाऊ देणे हा निष्काळजीपणा आहे आणि त्याची किंमत गरीब रुग्ण प्राणाने मोजतो.