पुढाकार शिकवणारा पर्यवेक्षक

देशाच्या पर्यटनाविषयी बोलताना आपण विमानतळ, महामार्ग आणि हॉटेलांतील खोल्यांची संख्या मोजतो. त्या खोल्या सांभाळणाऱ्या माणसांकडे, विशेषतः त्यांच्या पर्यवेक्षकाकडे, क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः पाहुण्याला मिळणारी सेवा बव्हंशी त्याच्याच सवयींवर अवलंबून असते.

प्रशासकीय सेवेत असताना अनेक राज्यांतील सरकारी विश्रामगृहांत माझा मुक्काम झाला. काही पर्यवेक्षक तक्रार येईपर्यंत थांबत. काही मात्र पाहुणा येण्यापूर्वीच खोलीतला नळ सोडून पाहत, दिवे लावून पाहत आणि पहाटेची गाडी गाठणाऱ्याच्या चहाची व्यवस्था आदल्या रात्रीच लावून ठेवत. अशांच्या हाताखालची माणसेही काही महिन्यांत, कोणत्याही प्रशिक्षणाविना, तशीच वागू लागत.

तथापि, केवळ अनुकरणाने ही सवय टिकत नाही. एखाद्या सेवकाने पाहुण्याच्या तान्ह्या मुलासाठी रात्री बाहेरून दूध आणले आणि पुढे त्या पावतीवर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, अशी कल्पना करा. पर्यवेक्षकाने ‘हा खर्च माझ्या संमतीने झाला’ असे लिहून दिले, तर सेवकाचे धैर्य वाढते. त्याने सेवकाकडूनच खुलासा मागवला, तर पुन्हा कोणी दूध आणणार नाही. पुढाकार पाहून शिकता येतो. पाठीशी कोणी उभे असेल तरच तो टिकतो.

या संदर्भात इंडियन कॉफी हाऊसचा इतिहास बोलका आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास प्रारंभ केल्यावर, ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी १९५७पासून सहकारी संस्था स्थापन करून ती स्वतः चालवली. बडतर्फीच्या छायेतील वाढपी संस्थेचे सभासद झाले. जिथे देखरेख करणारा आणि वाढणारा एकाच संस्थेचे मालक असतात, तिथे पुढाकार हा आगाऊपणा ठरत नाही.

सर्वत्र सहकार शक्य नाही. अधिकारांची वाटणी मात्र शक्य आहे. रिट्झ-कार्लटन या हॉटेल समूहाने पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा कर्मचाऱ्यांना दिली. आपल्या पर्यटन महामंडळांत पर्यवेक्षकाला एक बल्ब बदलण्यासाठीही वर टिपणी पाठवावी लागत असेल, तर त्याच्याकडून दूरदृष्टीची अपेक्षा कशी करावी?

म्हणून किरकोळ खर्चाचा अधिकार पर्यवेक्षकाच्या हाती द्यावा आणि त्यातला काही भाग त्याने खाली सोपवावा. सारे काही स्वतःच उरकणारा उत्साही पर्यवेक्षकही अखेरीस हाताखालच्यांना परावलंबी करतो. शिवाय, दर काही महिन्यांनी कंत्राटदार आणि त्यासोबत माणसे बदलत राहिली, तर कोणाची सवय कोणाला लागणार? ‘अतिथी देवो भव’ ही घोषणा आपण जगभर पोहोचवली. आता त्या अतिथीचे दार उघडणाऱ्या माणसाला निर्णयाचे थोडे स्वातंत्र्य द्यायला हवे.