यंत्रांची वंशावळ

जमीन विकत घेणारा मनुष्य प्रथम सातबाराचा उतारा मागतो. बैल घ्यावयाचा झाला, तर बाजारातील चार जाणती माणसे त्याचे दात पाहतात, चाल पाहतात, आणि मगच रुमालाखाली बोटे धरून भावाची बोलणी होतात. परंतु जुना संगणक घेणारा मनुष्य पुष्कळदा त्याची चकाकी तेवढी पाहतो. विक्रेता म्हणतो, "साहेब, दोनच वर्षे वापरलेला आहे," आणि ग्राहक मुकाट्याने पैसे मोजतो. यंत्राला दात नसतात. ॲल्युमिनियमचे कवच स्वच्छ पुसले की दहा वर्षांचा संगणक कालच कारखान्यातून निघाल्यासारखा दिसू लागतो. अशा वेळी ग्राहकाच्या हाती उताऱ्यासारखे काही विश्वसनीय टिपण असावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

ॲपल कंपनीच्या यंत्रांपुरते असे टिपण आज उपलब्ध आहे. त्याचे नाव मॅकट्रॅकर. इयान पेज नावाच्या गृहस्थाने तयार केलेले हे ॲप मॅक संगणकावर, तसेच आयफोन व आयपॅडवर चालते, आणि त्यासाठी एक छदामही मोजावा लागत नाही. १९८४ सालच्या पहिल्या मॅकिंटॉशपासून आजच्या यंत्रांपर्यंत प्रत्येक नमुन्याची त्यात स्वतंत्र नोंद आहे. यंत्र बाजारात केव्हा आले, त्याची विक्री केव्हा थांबली, प्रोसेसर कोणता, रॅम किती व ती कुठवर वाढविता येते, कोणती कार्यप्रणाली त्यावर शेवटची चालते, आरंभीची किंमत काय होती, हे सारे ठरलेल्या मथळ्यांखाली दिलेले असते. किंमत मात्र अमेरिकेच्या डॉलरमध्ये असते; तेव्हा आपल्याकडील ग्राहकाने ती वाचून फार हुरळून जाऊ नये. संगणक सुरू होताना जो सूर उमटतो, तोसुद्धा येथे ऐकावयास मिळतो. एखाद्या कुलवृत्तांतात पूर्वजांच्या नावांबरोबर त्यांचे आवाजही जतन करता आले असते, तर जे झाले असते तेच येथे झाले आहे.

अशा सूचीची गरज का पडावी, हे समजण्यासाठी नावांचा गोंधळ पाहिला पाहिजे. १९९३ साली ॲपलने एक लहानसा संगणक काढला. व्यवसायासाठी घेणाऱ्यास तो 'क्वाड्रा ६०५' या नावाने मिळे. शाळांकडे तोच 'एलसी ४७५' म्हणून जाई. आणि घरगुती ग्राहकांच्या दुकानांत 'परफॉर्मा ४७५' व 'परफॉर्मा ४७६' अशी नावे धारण करून तो उभा राही. आत यंत्र एकच. सोबतची सामग्री आणि किरकोळ तपशील सोडले, तर फरक काय तो पाटीवरच्या अक्षरांचा! ग्राहकाने कोणती तुलना करावी आणि कशाच्या आधारावर? १९९७ साली स्टीव्ह जॉब्स कंपनीत परत आल्यावर नमुन्यांची ही गर्दी त्यांनी निष्ठुरपणे छाटली, यात नवल नाही.

याच्या अगदी उलट प्रकार पुढील काळात घडला. मॅकबुक एअर या तेरा इंची लॅपटॉपच्या तळाशी बारीक अक्षरांत 'ए १४६६' असा क्रमांक छापलेला असतो. हा क्रमांक २०१२ सालच्या यंत्रावर आहे, आणि २०१३, २०१४, २०१५ व २०१७ या सालांच्या यंत्रांवरही तोच आहे. रूप एक, जाडी एक, क्रमांक एक. परंतु २०१२ च्या यंत्रावर ॲपलची कार्यप्रणाली २०१९ च्या कॅटलिनापाशी थांबते; २०१३ व २०१४ च्या यंत्रांवर ती २०२० च्या बिग सरपर्यंत जाते; २०१५ व २०१७ च्या यंत्रांवर २०२१ च्या माँटेरीपर्यंत पोहोचते. रॅम तर मूळ फळीवरच डाख देऊन बसविलेली. चार जीबीचे यंत्र पदरात पडले, तर ते जन्मभर चार जीबीचेच राहावयाचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या गावी असो, 'ए १४६६' एवढेच पाहून जो पैसे देतो, तो २०१७ च्या भावात २०१२ चे यंत्र घरी आणू शकतो. वास्तविक यंत्र सुरू करून सफरचंदाच्या चिन्हाखालची पहिलीच ओळ उघडली, तर साल डोळ्यांसमोर येते. परंतु त्या सालाचा अर्थ काय, म्हणजे ते यंत्र पुढे किती काळ उपयोगी पडेल, हे त्या ओळीत लिहिलेले नसते. ते सूची सांगते.

ही गोष्ट श्रीमंतास किरकोळ वाटेल. त्याचे यंत्र फसले, तर तो दुसरे घेईल. पण एखादी शाळा गावकऱ्यांच्या देणगीतून दहा जुने संगणक घेते, तेव्हा तो पैसा पुन्हा जमावयाचा नसतो. ज्या यंत्राला सुरक्षिततेच्या सुधारणा मिळणे बंद झाले आहे, त्यावर मुलांची नावे, गुण आणि पत्ते साठवावयाचे की नाही, हा प्रश्नही तेथे उभा राहतो. ॲपलच्या नियमाप्रमाणे विक्री थांबून पाच वर्षे झाली की यंत्र जुन्या वर्गात जाते, आणि सात वर्षांनंतर सामान्यतः कालबाह्य गणले जाते. मग कंपनीकडून सुटे भाग मिळण्याची आशा जवळजवळ सोडावी लागते. विक्री थांबल्याची तारीख हा वरवर पाहता नीरस तपशील आहे, परंतु देणगीचे पैसे खर्च करणाऱ्या समितीला दुसऱ्या कोणत्याही आकड्यापेक्षा तो अधिक उपयोगाचा आहे.

कोणी म्हणेल, कंपनीच्या संकेतस्थळावरही ही माहिती मिळते. मग त्रयस्थाने हा उपद्व्याप कशाला करावा? माहिती मिळते, हे खरे. परंतु ज्याला नवे यंत्र विकावयाचे आहे, त्याचे मन नव्याच्या वर्णनात रमणार, हे उघड आहे. जुन्या यंत्राला आणि नव्या यंत्राला एकाच ओळीत बसवून एकाच मापाने मोजणे हे विक्रेत्याचे काम नव्हे. ते काम ज्याला काही विकावयाचे नाही, त्यानेच करावे. मॅकट्रॅकरमध्ये १९८४ च्या मॅकिंटॉशची रॅम १२८ केबी आणि किंमत २,४९५ डॉलर. २०१७ च्या मॅकबुक एअरची रॅम ८ जीबी आणि आरंभीची किंमत ९९९ डॉलर. रॅम ६५,५३६ पट झाली आणि किंमत निम्म्याहूनही खाली आली, हे विद्यार्थी स्वतः गणित करून पाहू शकतो. तेहतीस वर्षांचा इतिहास कोणत्याही विशेषणाची मदत न घेता त्याच्यापुढे उभा राहतो.

सूचीकाराचे श्रम मराठी वाचकास अपरिचित असण्याचे कारण नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढे ती १९५० पर्यंत आणली. त्या सूचीवर कोणी रसग्रहण लिहीत नाही, की तिची पाने कोणी तोंडपाठ करीत नाही. तरीही मराठी ग्रंथांचा अभ्यास करणारास तिच्याकडे वळावेच लागते. ग्रंथ आणि संगणक यांची योग्यता एक आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. पण नोंद करणाऱ्याची निष्ठा दोन्हीकडे एकाच जातीची आहे. एक तारीख चुकली, तर शेकडो माणसे चुकीच्या तारखेवर विसंबतात, ही जाणीव ज्याला आहे, तोच असे काम वर्षानुवर्षे करू शकतो.

तथापि या सूचीकडून भलतीच अपेक्षा बाळगणेही बरे नव्हे. ती नमुन्याची हकीकत सांगते. समोर टेबलावर ठेवलेल्या यंत्राची सांगत नाही. त्याची बॅटरी फुगली आहे काय, कळफलकावर कधी चहा सांडला होता काय, हे जाणत्या कारागिराकडूनच पाहून घ्यावे लागते. शिवाय आकड्यांचा मोह वाईट असतो. २००५ सालच्या पॉवर मॅक जी ५ चा प्रोसेसर २.७ गिगाहर्ट्झचा होता, आणि तो थंड राखण्यासाठी आत द्रव खेळवावा लागे. २०२० च्या मॅकबुक एअरचा एम १ प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झचा, त्या यंत्रात साधा पंखासुद्धा नाही. केवळ हे दोन आकडे पाहणारास दोन्ही यंत्रे जवळपास सारखीच वाटतील. प्रत्यक्षात त्यांच्या कामाच्या वेगात अतोनात अंतर आहे. हल्ली कित्येक मुले गिगाहर्ट्झ आणि गिगाबाइट यांची यादी क्रिकेटच्या धावांप्रमाणे घडाघडा म्हणतात. त्या आकड्यांमागे कोणती रचना आहे, हे विचारले की गप्प बसतात. सूची हाती आली म्हणून विचार करण्याचे श्रम वाचतात, असे नाही.

मॅकट्रॅकरमध्ये आणखी एक सोय आहे. आपल्याजवळची यंत्रे त्यात वेगळी नोंदवून ठेवता येतात; खरेदीची तारीख आणि सीरियल नंबर यांसह. आपल्या शाळांतही सामानाची नोंद ठेवण्याचा शिरस्ता जुना आहे. परंतु एखाद्या शाळेचे डेडस्टॉक रजिस्टर उघडले, तर त्यात पुष्कळदा 'संगणक, दहा नग' एवढीच ओळ सापडते. घंटा, फळे आणि बाके यांच्यासाठी ती पद्धत पुरेशी होती. संगणकाच्या बाबतीत नमुना, निर्मितीचे साल, रॅम आणि शेवटची चालणारी कार्यप्रणाली असे चार रकाने त्या रजिस्टरात वाढवावयास काय हरकत आहे? यंत्रे कोणत्याही कंपनीची असोत, हे रकाने आठवीतील मुलांकडून एका दुपारी भरून घेता येतील. पुढच्या वर्षी कोणी देणगीदार जुनी यंत्रे घेऊन दारी आला, तर ती स्वीकारावयाची की नम्रपणे नाकारावयाची, हे मुख्याध्यापकास त्या पानावरून सांगता येईल.