वकिली, वकिलात आणि एक राजीनामा

माझ्या भाच्याचा मुलगा पुण्यात कायदा शिकतो. परवा फोनवर विचारत होता, "आजी, वकील माणूस राजदूत कसा काय होतो गं?" म्हटलं, अरे, आपल्या मराठीत ही एकाच घरातली माणसं! पेशवाईत दुसऱ्याच्या दरबारी आपली बाजू मांडायला जो जाई, त्याला वकीलच म्हणत. दूतावासाला आपण वकिलात म्हणतो, ते उगीच नाही.

मग त्याला न्या. छागलांची गोष्ट सांगितली. मंडळी, तीच इथेही लिहिते, कारण त्यांच्याशी माझं एक जुनं भांडण आहे.

महंमदअली करीम छागला मुंबईचे. जन्म १९०० चा. ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झाले. मुंबईत जिनांच्या हाताखाली वकिली केली, पण पुढे नेहरू अहवालावरून त्यांच्यापासून दूर झाले. १९४७ ते १९५८ मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

१९५८ साली मुंदडा प्रकरण त्यांच्याकडे आलं. आयुर्विमा महामंडळाचे सुमारे सव्वा कोटी रुपये मुंदडांच्या कंपन्यांत कसे गुंतवले गेले, याची चौकशी त्यांनी लोकांसमोर, उघड केली. अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. आणि गंमत बघा, त्याच नेहरू सरकारने त्याच वर्षी छागलांना राजदूत म्हणून वॉशिंग्टनला पाठवलं! आपल्याला अडचणीत आणणाऱ्यालाच देशाची बाजू मांडायला पाठवायचं, याला मोठं मन लागतं. १९६२ मध्ये ते लंडनला उच्चायुक्त झाले. १९६४ मध्ये शिक्षणमंत्री असतानाही काश्मीरप्रश्नी सुरक्षा परिषदेत भारताची बाजू त्यांनीच मांडली.

आता भांडण. १९६७ साली सरकारने विद्यापीठांत थोड्याच वर्षांत प्रादेशिक भाषांतून शिक्षण द्यायचं ठरवलं. छागला तेव्हा परराष्ट्रमंत्री. या घाईने देशाची एकी धोक्यात येईल, असं त्यांचं मत. त्यांनी सरळ मंत्रिपद सोडलं.

मी तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर होते. पुढे बी.ए. मराठीतून केलं आणि जन्मभर मराठीतूनच शिकवलं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींना इंग्रजीच्या भिंतीपलीकडे जाताच आलं नसतं. त्यामुळे छागला चुकले, असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

पण वय वाढलं तसा तो राजीनामा मात्र मला मोठा वाटू लागला. वकील दुसऱ्याची बाजू मांडतो, राजदूतही तेच करतो. रोज दुसऱ्याचं बोलता बोलता आपलं मत काय होतं, हेच विसरायला होतं. छागला विसरले नाहीत. शिक्षण हे तेव्हा त्यांचं खातंही नव्हतं. गप्प बसले असते तर कोणी विचारलं नसतं. पण पटेना, तेव्हा त्यांनी वकीलपत्र परत केलं. पुढे आणीबाणीतही, पंचाहत्तरीत, ते विरोधात बोलत राहिले. १९८१ मध्ये गेले.

भाच्याच्या मुलाला एवढंच सांगितलं, बाळा, वकीलपत्र घ्यायला कॉलेजात शिकशीलच. ते परत कधी करायचं, हे मात्र ज्याचं त्यालाच शिकावं लागतं. आणि माणसाचं मत चुकीचं वाटलं, तरी त्याची किंमत मोजायची तयारी दिसली, तर नमस्कार करायला कमीपणा मानू नकोस.