पहिला अंक कोणी पाहावा?

नाताळच्या सुटीचे वेध लागले म्हणजे शहरांतील वृत्तपत्रांतून सणासुदीच्या दगदगीत चित्त प्रसन्न कसे राखावे याविषयीचे उपदेश नेमाने प्रसिद्ध होऊ लागतात. पाहुण्यांना नम्रपणे नकार द्यावा, निमंत्रणे मोजकीच स्वीकारावीत, जमल्यास सहकुटुंब कोठे तरी निघून जावे, असा त्यांचा साधारण मथितार्थ असतो. ज्यांच्याकरिता हा उपदेश लिहिला गेला त्यांना तो लखलाभ होवो. परंतु गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील सिंदेवाही स्टेशनावर उतरून जो मनुष्य याच दिवसांत आसपासच्या खेड्यांतून हिंडेल, त्याला असे आढळेल की, ज्या गर्दीपासून शहर पळू पाहते तीच गर्दी आपल्या दारी यावी म्हणून येथे गावेच्या गावे कंबर कसून उभी आहेत.

दिवाळी सरते, बांध्यांतले धान कापून भारे खळ्यावर येतात, पुंजणे रचले जातात, आणि मग मंडईच्या जत्रा, शंकरपटातल्या बैलांच्या शर्यती व नाटके यांचा जो हंगाम सुरू होतो तो थेट होळीपर्यंत ओसरत नाही. या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, आणि तिच्या रंगभूमीचे नाव आता बाहेरच्या महाराष्ट्रालाही ठाऊक झाले आहे. वडसा ही तिथल्या नाटक मंडळ्यांची मुख्य पेठ. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावच्या व्यंकटेश नाट्य मंडळाचा लौकिकही लहान नाही. आणि २०२३ साली येथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रात्रभर चालणाऱ्या नाटकांची दखल दिल्लीनेही घेतली. तथापि, नाटक हे निमित्त होय. खरा सोहळा असतो तो घरोघर उतरणाऱ्या सोयऱ्यांचा. लेक-जावई येतात, मामेकुळीची माणसे येतात, भाच्याच्या सासरचे दोघे-तिघे ओळख काढीत येतात, उपवर मुलगी नजरेखालून घालावी म्हणून कोणी सहज आल्यासारखे दाखवीत येतात, आणि शाळा-कचेऱ्यांना नाताळची सुटी असल्यामुळे नागपूर-चंद्रपुरास नोकरीला असलेले भाऊबंदही मुलाबाळांसह येऊन दाखल होतात. पडदा रात्री उशिरा वर जातो आणि पहाटे पडतो. हा शिरस्ता केवळ रसिकतेतून पडला असे मला वाटत नाही. ज्या मुलखात वाघ जंगलाची हद्द मानीत नाही, तेथे मध्यरात्री घरची वाट धरण्यापेक्षा उजाडेपर्यंत मांडवात बसून राहणे यात शहाणपणही आहे. परिणाम एवढाच की, पाहुणा रात्रीच्या जेवणाला येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत राहतो.

या दोन जेवणांच्या मध्ये घरातल्या स्त्रीचे काय होते, ते पाहण्यासाठी मांडवात न जाता परसदारी जावे. तीन दगडांची एक जादा चूल मांडलेली असते; ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जात असतो; एक जण हातावर वडे थापून कढईत सोडते, दुसरी वांग्यात पोपटाच्या शेंगांचे दाणे घातलेली भाजी ढवळते, आणि पहिली पंगत उठते न उठते तोच ओसरीवरून आणखी चौघे आल्याची वर्दी येते. घरातली पोरे केव्हाच सतरंजी घेऊन जागा अडवायला पळालेली असतात; पुरुषमंडळी मफलर गुंडाळून पानाच्या ठेल्याकडे गेलेली असतात. भोंग्यातून नांदीचे सूर ऐकू येतात तेव्हा घरची बाई राखेने भगुणी घाशीत असते. दुसरा अंक निम्मा झाल्यावर शाल लपेटून ती मांडवाच्या कडेला येऊन टेकते आणि शेजारणीला हळूच विचारते, “का झाला वो बाई आतावरी?” पहिला अंक तिला दरसाल असा दुसऱ्याच्या तोंडूनच कळतो. तिसऱ्या अंकापूर्वी तिला पुन्हा उठावे लागते, कारण पहाटेच्या चहाला दूध घरात आहे की नाही याचा घोर तिच्यावाचून कोणाला नसतो.

तेव्हा शहरातील उपदेशकांचे निदानच मुळात चुकले आहे असे माझे मत आहे. सणाने माणूस थकतो तो गर्दीमुळे नव्हे; गर्दीचा आनंद सर्वांमध्ये वाटला जातो आणि तिचा भार मात्र एकीवर सोपविला जातो, या वहिवाटीमुळे थकतो. ही वहिवाट कोणा एका धर्माची वा प्रांताची नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक यांचे औदार्य आठवत असेल. कोणालाही घरी आणावे, कोणालाही काहीही देऊन टाकावे, असा त्या कविहृदयाच्या पुरुषाचा स्वभाव, आणि त्या औदार्याचा ताळेबंद जुळविण्याचे काम अर्थातच लक्ष्मीबाईंकडे. त्यांनी ते विनोदाने सांगितले म्हणून आपण हसतो. चुलीपाशी प्रत्यक्ष बसलेले असतो तर किती हसलो असतो, हा प्रश्नच आहे. चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन एकोणिसाव्या शतकातच आले, तेव्हा नाताळ हा सणही या जिल्ह्याला परका नाही. आणि करंज्या तळणारे हात ख्रिस्ती घरात काही कमी शिणतात, असे कोणी म्हणणार नाही.

या भाराला प्रतिष्ठेची जोड मिळाली म्हणजे तो असह्य होतो. अमक्याच्या घरी कोंबडा झाला, म्हणून आपल्या घरी मटण झालेच पाहिजे. तमक्याने जावयाला कपडे केले, म्हणून आपणही केलेच पाहिजेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये जाहीर झाला होता. परंतु सरकारी खरेदीची वाट पाहण्याइतका धीर नाटकाच्या तारखेला नसतो, म्हणून हातातली चार पोती व्यापारी देईल त्या भावाने घालून पाहुणचाराची तजवीज करणारा शेतकरी काही विरळा नाही. त्या घरातले हसू जर ओढूनताणून आणलेले दिसले, तर दोष पाहुण्यांच्या संख्येचा नव्हे.

मग करावे काय? सण आटोपशीर करा, असे मी म्हणणार नाही. सोयऱ्यांनी न भरलेले डिसेंबरातले घर झाडीपट्टीत उदासच दिसेल. जेवण मात्र खुशाल आटोपशीर करावे. वडे, एक भाजी, भात आणि वरण एवढ्यावर तृप्त न होणारा सोयरा नाटक पाहायला आलेला नसून आपले घर जोखायला आलेला आहे, असे समजण्यास हरकत नाही. पंगत वाढण्याचे आणि भांडी घासण्याचे काम जावयासकट सर्व पुरुषांनी करावे, हे लिहिताना काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर उठलेल्या आठ्या मला दिसत आहेत; पण लग्नाच्या मांडवात हेच पुरुष पदर खोचल्यासारखे उपरणे खोचून पाचशे पाने वाढतात, तेव्हा ती कला त्यांना अवगत नाही असे म्हणता येत नाही. नांगरटीला इर्जिक करून एकमेकांच्या शेतात राबणाऱ्या गावाला चार घरांची एकच चूल पेटविणे काही अशक्य नाही.

याच्याही पुढे जाऊन नाटक बसविणाऱ्या गावच्या मंडळांना एक सुचवावेसे वाटते. ही मंडळे नाटक मंडळीशी करार करतात, मांडव घालतात, तिकिटे विकतात, हिशेब ठेवतात. तेव्हा गावातल्या महिला बचत गटाला वाजवी मोबदला देऊन मांडवाशेजारी दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची सोय करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. कूपन यजमानाने घ्यावे, पाहुण्याने जेवावे. पाहुण्याला विकतचे जेवू घातले असा आक्षेप येईल, तो येऊ द्यावा. आणि पहिली घंटा घरोघरच्या बाया येऊन बसल्याखेरीज देऊ नये. उद्घाटकाची मोटार यायची आहे, सत्काराचे शाल-श्रीफळ यायचे आहे, प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द व्हायचे आहेत, म्हणून आजही ती घंटा तास-दीड तास अडून राहतेच.