ड्रोनचे नियम आणि पोलिसांचे आकाश

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंजाब-हरियाणाच्या सीमेवर, शंभू येथे, दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर हरियाणा पोलिसांनी आकाशातून अश्रुधुराच्या नळकांड्या टाकल्या. त्या टाकणारी यंत्रे ड्रोन होती. शेतकऱ्यांनी त्यावर काढलेला उपाय अगदी साधा होता: त्यांनी पतंग उडविले, म्हणजे दोरा ड्रोनच्या पात्यांत अडकावा. पटियालाच्या जिल्हा प्रशासनाने पंजाबच्या हद्दीत ड्रोन पाठविण्यास हरकत घेतली. परंतु ही यंत्रे कोणाच्या हुकमाने उडाली, किती उंचीवरून उडाली, त्यांनी कोणाची छायाचित्रे टिपली व ती आज कोठे आहेत, याचा हिशेब आपणहून जनतेपुढे ठेवण्याचे बंधन देशातील ड्रोन नियमांत कोणावरही घातलेले नाही.

हे नियम वाचताना शंभूचा प्रसंग दृष्टीआड होता कामा नये.

२०१४ च्या मे महिन्यात मुंबईतील एका उपाहारगृहाने लोअर परळहून वरळीच्या एका उंच इमारतीत ड्रोनने पिझ्झा पोचविला. (ज्या गिरणगावातील गिरण्यांचे भोंगे बंद पाडण्यात आले, त्याच्या डोक्यावरून ही भाकरी धनिकांच्या गच्चीवर गेली, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.) त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खाजगी ड्रोन उड्डाणे सरसकट बंद केली. ती २०१८ च्या डिसेंबरपासून परवानग्यांच्या जंजाळात का होईना, पुन्हा सुरू झाली. मार्च २०२१ मध्ये नवे नियम आले, उद्योगपतींनी ते जाचक ठरविले, आणि सहा महिन्यांच्या आत, २५ ऑगस्ट २०२१ रोजी ते रद्द होऊन आजचे 'ड्रोन नियम, २०२१' जारी झाले. गाऱ्हाणे भांडवलाचे असले म्हणजे सरकारला किती लवकर ऐकू येते, याचा हा नमुना आहे. किमान वेतनाच्या वा वनहक्काच्या गाऱ्हाण्याला हा वेग लाभल्याचे आपल्यापैकी कोणी पाहिले आहे काय?

तरीही हे नियम मुळातच चुकीचे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या खेळण्यासारख्या यंत्राला प्रमाणपत्रधारी चालक लागत नाही. दोन किलोपर्यंतचे यंत्र निव्वळ हौसेसाठी उडविणाऱ्यालाही ते लागत नाही. नोंदणी मात्र हवी. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीविना उडता येते. विमानतळाभोवती व लष्करी ठिकाणांवर बंधने आहेत आणि ती असलीच पाहिजेत. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटके टाकण्यात आली होती, हे विसरून चालणार नाही. धंद्यासाठी उडवावयाचे तर दहावी उत्तीर्ण, अठरा ते पासष्ट वयाची व्यक्ती मान्यताप्राप्त संस्थेत शिकून चालक होऊ शकते. सरकारी शुल्क नाममात्र शंभर रुपये ठेवले आहे. मात्र शिक्षणसंस्था घेतात ते शुल्क बाजारावर सोपविलेले असल्याने तालुक्याच्या गावी लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या तरुणाला हजारो रुपये मोजावे लागतात.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. एखाद्या भागात तातडीने उड्डाणबंदी करावयाची झाल्यास पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने तसे जाहीर करावे, बंदी एका वेळी ९६ तासांहून अधिक नसावी आणि क्षेत्र गरजेपेक्षा मोठे नसावे, अशी मर्यादा या नियमांनीच घातली आहे. मर्यादा उत्तम आहे. व्यवहारात तिला कोण विचारतो? मुंबईत पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आणि जुलै २०२४ नंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली महिना-महिन्याचे आदेश निघतात, आणि एक संपला की दुसरा निघतो. मोर्चे व सभा यांच्या बाबतीत ही कलमे कशी वापरली जातात, हे आपल्या कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या कलमाने जमिनीवरची सभा बंद करावयाची त्याच कलमाने वरचे आकाशही बंद करावयाचे, आणि त्या मोकळ्या आकाशात पोलिसांचा कॅमेरा तेवढा फिरत ठेवावयाचा, अशी ही व्यवस्था आहे.

वस्तुतः नियमांतून सूट आहे ती फक्त भूदल, नौदल व हवाई दल यांना. पोलिसांना अशी सरसकट सूट दिलेली नाही. परंतु नियम मोडणाऱ्याला रस्त्यावर पकडणारा पोलीसच असेल, तर पोलिसांनी मोडलेल्या नियमाची फिर्याद कोण करणार?

त्यातच एक महत्त्वाची गोष्ट गुपचूप गळाली. २०१८ च्या नियमांत कोणाच्याही खाजगीपणाचा भंग होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी चालकावर होती. ऑगस्ट २०२१ च्या नियमांत ती तरतूद उरली नाही. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एकमताने दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याचा अधिकार देऊन टाकला. मोर्च्यातील चेहरे वरून टिपून साठवून ठेवण्याच्या मार्गात मग कोणता अडसर राहिला?

आमचा यंत्राला विरोध नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर विषारी औषधे फवारताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडके बांधून, छातीएवढ्या पिकांत हे काम होत होते. हे काम ड्रोन काही मिनिटांत करू शकतो आणि माणूस विषापासून दूर राहतो. अशा यंत्राचे स्वागत कामगारवर्गाचा पक्ष करणार नाही तर कोण करणार? परंतु यंत्र कोणाचे आणि गेलेल्या मजुरीचे काय, हे दोन प्रश्न त्याच्याबरोबरच शेतात उतरतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये १,२६१ कोटी रुपयांची 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली: १५,००० महिला बचतगट, किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लाख रुपयांचे साहाय्य, आणि बाकीचे कर्ज. मालकी बचतगटाची, हे ठीकच. पण बॅटरी निकामी झाली, पाते मोडले, हंगामात दुरुस्तीला कोणी आले नाही, तर हप्ता त्या बाईच्याच माथी राहील. ज्या मजुरणीचे फवारणीच्या दिवसांचे काम गेले तिचा तर योजनेत उल्लेखच नाही. ड्रोन गावाच्या सहकारी संस्थेचा असावा, दुरुस्तीची हमी विक्रेत्या कंपनीकडून लेखी घ्यावी आणि फवारणीचा दर ठरविताना शेतमजुरांच्या संघटनेला बोलवावे, ही मागणी किसान सभांनी व शेतमजूर संघटनांनी गावोगाव मांडण्याजोगी आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. हरकतींसाठी प्रथम दिलेली मुदत जेमतेम दोन आठवड्यांची होती. तुरुंगवास, दखलपात्र गुन्हे, पोलिसांना झडतीचे व जप्तीचे अधिकार अशा तरतुदी त्यात आहेत. कारखानदारांनी आपल्या धंद्याच्या दृष्टीने त्यावर ओरड केली, आणि या वेळी त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे. पण शंभूच्या शेतकऱ्याची हरकत त्यांच्या निवेदनातून येणार नाही. ती आपल्याला लिहावी लागेल. पोलिसांच्या प्रत्येक ड्रोनची नोंद व प्रत्येक उड्डाणाची रोजनिशी जाहीर असावी, जमावावर ड्रोनमधून काहीही टाकण्यास कायद्यानेच मनाई असावी, टिपलेली छायाचित्रे ठराविक मुदतीत नष्ट करावीत आणि ९६ तासांची मर्यादा कलम १६३ च्या आडोशाने ओलांडता येऊ नये, एवढी चार वाक्ये त्या हरकतीत असली तरी पुरे. जिल्हा समित्यांनी ती मंत्रालयाकडे आणि आपापल्या खासदारांकडे धाडावीत. प्रत पोलीस अधीक्षकांनाही द्यावी.