गोठ्यातील वायूंचे मापन: नमुने अनेक, यंत्र सामायिक

जबलपूरजवळच्या परियट नदीकाठच्या दुग्धशाळांचे शेण-मूत्र पाण्यात मिसळू लागले, तेव्हा तो प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचला. गढूळ पाणी डोळ्यांना दिसते. त्याच गोठ्यांतून हवेत जाणारा मिथेन मात्र दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. अमोनिया नाकाला झोंबतो, पण तो किती आहे हे सहसा कोणी मोजत नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. त्यांच्या उत्सर्जनाचा हिशेब बहुतांशी जनावरांची संख्या आणि सरासरी गुणक यांवर मांडला जातो. एखाद्या पशुपालकाने चारा सुधारून मिथेन कमी केला, तरी त्याचे श्रेय या सरासरीत हरवते. म्हणून गोठ्यापर्यंत पोहोचेल असे स्वस्त मापन आवश्यक आहे.

स्वस्त मापन म्हटले की काहीशे रुपयांचे मिथेन संवेदक पुढे केले जातात. हे संवेदक मुळात वायुगळती ओळखण्यासाठी घडवलेले असून दहा लाख भागांत काहीशे भाग मिथेन असेल तेव्हाच ते भरवशाचा प्रतिसाद देतात. बाहेरच्या हवेत मिथेनचे प्रमाण दहा लाखांत जेमतेम दोन भाग असते आणि उघड्या गोठ्यात ते त्याहून थोडेच वाढते. शिवाय दमट हवेने त्यांचे आकडे ढळतात. असा संवेदक गोठ्यात टांगणे म्हणजे धान्य तोलायच्या काट्यावर सोने तोलणे होय.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. वायूचे प्रमाण म्हणजे उत्सर्जन नव्हे. वारा सुटला की तेच जनावर तितकाच वायू सोडत असूनही आकडा खाली येतो. भिंती नसलेल्या आपल्या गोठ्यांत हवेचा प्रवाह मोजणे तर जवळपास अशक्यच.

येथे जनावराचा श्वासच मदतीला येतो. वजन आणि दूध यांवरून एक जनावर दिवसाला किती कार्बन डायऑक्साइड सोडते, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. वारा दोन्ही वायूंना सारखेच विरळ करतो, त्यामुळे त्यांचे परस्पर गुणोत्तर टिकून राहते. समजा, गोठ्यातील हवेत बाहेरच्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भाग आणि मिथेन २० भाग अधिक आढळला. जनावर दिवसाला ३,००० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडत असेल, तर मिथेन सुमारे २१४ लिटर, म्हणजे साधारण १४० ग्रॅम भरतो. वाऱ्याचा वेग मोजावाच लागला नाही.

यासाठी गोठ्यात लागतात त्या वस्तू साध्या आहेत: हवा सावकाश भरणारा छोटा पंप, वायू न झिरपू देणारी पिशवी आणि वजनाचा फीता. एक पिशवी गव्हाणीजवळ, दुसरी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला गोठ्याबाहेर. महाग असते ते विश्लेषणाचे यंत्र, गॅस क्रोमॅटोग्राफ. पण ते प्रत्येक गोठ्यात नको, जिल्ह्यात एक पुरे. अमोनियासाठी बोरिक आम्लाचा सापळा प्रयोगशाळेतील साध्या अनुमापनाने मोजता येतो. त्यातून अचूक उत्सर्जन कळले नाही, तरी दोन गोठ्यांची किंवा शेण उचलण्याच्या दोन पद्धतींची तुलना होते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जोराच्या वाऱ्यात आतल्या-बाहेरच्या हवेतील फरक इतका घटतो की आकडा निरर्थक ठरतो. चारा खाल्ल्यानंतर मिथेन वाढतो, म्हणून नमुना पूर्ण दिवसाचा हवा. साचलेल्या शेणातूनही कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून गोठा स्वच्छ असावा. या पद्धतीतून कळपाची तुलना होते, एकेका गाईचे प्रमाणपत्र मिळत नाही.

महाराजपूरला तण संशोधन संचालनालय आहे. जवळच्या आधारताल परिसरात जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आणि २००९ पासून कार्यरत असलेले नानाजी देशमुख पशुचिकित्सा विश्वविद्यालय आहे. मृदा, पीक आणि पशू यांचे अभ्यासक इतक्या जवळ असताना एक सामायिक वायू-प्रयोगशाळा उभी करणे कठीण वाटू नये. महाराष्ट्रातही कृषी आणि पशुविज्ञान विद्यापीठांनी हाच मार्ग धरावा. पशुपालकाने नमुना द्यावा, संस्थेने यंत्र सांभाळावे आणि आकडा न चुकता त्याला परत कळवावा. ही शेवटची अट पाळली, तरच पुढचा नमुना मिळेल.